डोईमागं किती?

मांडवात चारशे खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक पट्टी ठेवलेली होती, लग्नात अक्षतांची पुडी ठेवतात तशी. काळी, दोन बोटं रुंद, आतून मऊ. लोक आले, पट्टी उचलून बसले आणि वृषालीने माइकवरून सांगितल्यावर ती डोक्याला बांधायला लागले. पुरुषांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. बायकांनी पदर मागे सारला. कुणीतरी शेजारणीला म्हणालं, "मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसायलीस की गं!" आणि दोन रांगा हसल्या.

वृषाली हसली नाही. कालपासून ती चौथ्यांदा हे बघत होती.

व्यासपीठाच्या कडेला एक टेबल, टेबलावर एक टॅबलेट आणि टॅबलेटमागे ती. दिवसाचे पंधराशे रुपये. जालन्याच्या प्रशिक्षण केंद्रात ती 'अदमास' पट्टी शिकवायची. बँकेतल्या, कोषागारातल्या माणसांना, ज्यांच्या हातून एक शून्य इकडचं तिकडे झालं तर अनर्थ होतो. हा कार्यक्रम घेणाऱ्या कंपनीला गावातलंच, शिकलेलं, ओळखीचं तोंड हवं होतं. तिने होकार दिला, कारण आठ हजार रुपये तिच्या लेकीला, जुईला, बोलायला शिकवणाऱ्या बाईंना महिन्याला जात होते, आणि ते दर महिन्याला कुठून येणार हे तिला पंचवीस तारखेपासून टोचायला लागायचं.

जुई सहा वर्षांची होती. समोरच्या रांगेत गोदामावशीच्या मांडीवर बसून खुर्चीच्या कडेला बोटाने ठोकत होती. "एक, दोन, तीन, पाच." पुन्हा पहिल्यापासून. "एक, दोन, तीन, पाच." चार कधी येत नव्हता. तिच्या रक्तात शिसं अडतीस निघालं होतं. पाचाच्या वर गेलं तरी डॉक्टर चिंता करतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्तातलं शिसं औषधाने उतरवता येतं, पण मेंदूने तोवर जे गमावलं ते परत येत नाही.

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणारा तो कारखाना गावाच्या वरच्या अंगाला आठ वर्षं होता. पत्र्यांवर, वाळवणावर, पाण्याच्या टाक्यांवर जी राखाडी भुकटी बसायची तिला सगळे धूळ म्हणायचे. आजूबाजूच्या अकरा गावांतली सोळाशे मुलं त्यात सापडली. आता अमेरिकेतल्या मूळ कंपनीने भरपाई देऊ केली होती. अट एकच. सोळाशेपैकी बाराशे मुलांच्या पालकांनी सही केली की करार सगळ्यांवर लागू. सही न करणाऱ्यांवरसुद्धा. पुढे कधीही, कुठल्याही कोर्टात, कुणालाही काही मागता येणार नाही.

मागच्या मोठ्या पडद्यावर आकडा झळकत होता. १०६८. तीन खेपांत एवढ्या सह्या झाल्या होत्या. ही शेवटची खेप, आणि फक्त एकशे बत्तीस कमी होत्या.

"मावशी, तुम्ही पट्टी नाही बांधली?" कंपनीचे पराग सबनीस खाली वाकून विचारत होते. पुण्याचे, मऊ आवाजाचे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेले. दोन दिवसांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता.

"माझं डोकं दुखतंय तिच्यानं," गोदामावशी म्हणाली. ती बचत गटाची अध्यक्षा होती, एकोणीस वर्षं. "आन् मला काय नवीन कळायचंय? माझा हिशेब तोंडी असतो."

"पण तुमच्या नातवाच्या वडिलांची सही..."

"करंल की. आधी ऐकू तरी द्या."

सबनीस हसले आणि वृषालीकडे बघून मान हलवली. सुरू करा.

*

वृषालीला हे सगळं पाठ होतं. ती नेहमी असं सांगायची: माणसाच्या मेंदूत, कानाच्या जरा वर आणि मागे, आकड्यांची जाण राहते. मोजणं शाळेत शिकवतात. ही जाण त्याच्या आधीची. ताटात दोन भाकरी आहेत की तीन, हे ज्याने न मोजता कळतं ती. ही जाण लहान आकड्यांना ऐसपैस जागा देते आणि मोठ्यांना कोंबून बसवते. एक आणि दोन यांच्यामध्ये अख्खं अंगण असतं. लाख आणि दोन लाख यांच्यामध्ये एक बोळ. आणि कोटी, अब्ज वगैरे मंडळी एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात. त्या खोलीच्या दारावर नुसतं 'लई' असं लिहिलेलं असतं. म्हणून कुणाला सांगा की लाख सेकंद म्हणजे एक दिवस आणि वर चार तास, कोटी सेकंद म्हणजे चार महिन्यांना थोडे कमी, आणि अब्ज सेकंद म्हणजे एकतीस वर्षांहून जास्त, तो दचकतो. त्याला वाटलेलं असतं की हे तिघे भाऊ-भाऊ आहेत.

पट्टी त्या जागेवर कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी सोडायची आणि ती कोंबलेली जागा ताणून सरळ करायची. हाताची जाण आणि आकड्यांची जाण मेंदूत शेजारी राहतात. पोरं बोटांवर मोजतात ती उगाच नाही. म्हणून आधी 'हातओळख' करावी लागायची. शंभराची नोट दहादा हातात घ्यायची, चुरगाळायची, सोडायची. मेंदूला ते माप कळलं की मग टॅबलेटवरून जो आकडा पाठवाल तो माणसाला तळहातात आणि छातीत भरल्यासारखा, खराखुरा जाणवायचा.

पण ज्या पैशाला हात लागलेला नाही, तो जाणवायचा नाही. पट्टीची ही एकच मर्यादा होती.

वृषालीला ती माहीत होती. कालपासून माहीत होती. कार्यक्रमाच्या कागदावर पहिली ओळ होती: 'पारदर्शकतेसाठी कंपनीचा वार्षिक नफा: तीन अब्ज डॉलर.' दुसरी ओळ: 'भरपाई: अठ्ठेचाळीस कोटी रुपये.'

हातओळख उरकली. "नफा," सबनीस हळूच म्हणाले.

तिने तीन अब्ज डॉलर पाठवले.

चारशे माणसांपैकी एकाचीही पापणी लवली नाही. तिसऱ्या रांगेतल्या बाईने शेंग फोडली आणि दाणे पोराच्या हातावर ठेवले. कुणीतरी जांभई दिली. डॉलर त्या मांडवात कुणी आयुष्यात हातात धरला नव्हता. कालच्या तिन्ही खेपांना असंच झालं होतं, आणि तिन्ही वेळा वृषालीने खाली बघितलं होतं.

"आता भरपाई."

ती थांबली. ही तिचीही खेप होती, तिच्या गावाची. टेबलावरची जास्तीची पट्टी तिने उचलली, कपाळाला बांधली आणि बटण दाबलं.

अठ्ठेचाळीस कोटी.

पावसाळ्यात वाडीचा बंधारा फुटला होता तेव्हा तिने जे ऐकलं होतं, ते आता तिच्या हातांत शिरलं. शंभराच्या नोटा, गठ्ठे, गठ्ठ्यांच्या भिंती, त्या भिंतींची गल्ली, आणि गल्ली संपतच नव्हती. सगळं फिटेल. सगळं. जुई मोठी होईल, तिला घर होईल, तिच्या दिमतीला माणसं असतील, आपण मेलो तरी तिला काही कमी पडणार नाही. वृषालीला कळलं तेव्हा ती रडत होती. मांडवभर लोक रडत होते. एक म्हातारा उभा राहून आभाळाला हात जोडत होता.

सबनीसांनी मऊपणे तिच्यापुढे सहीचं पॅड सरकवलं. "वृषालीताई, तुम्ही सुरुवात केलीत तर बाकीच्यांना धीर येईल."

मागे पडद्यावर आकडा चढायला लागला होता. १०९०. ११०४. तिने लेखणी उचलली. जुईचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. तिला काहीच शंका नव्हती. इतकं मोठं काही तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"डोईमागं किती?"

आवाज मोठा नव्हता. गट भरला की गोदामावशी याच आवाजात विचारायची. आकडा कितीही लहानमोठा असो. बँकेचं कर्ज असो, हळदीकुंकवाचा खर्च असो, कुणी शंभर रुपयांचं सामान आणलेलं असो. भागाकार करून, डोईमागं किती, महिन्याला किती, हे सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटल्याशिवाय गटात एकही ठराव झाला नव्हता. नव्या सुना वैतागायच्या. वृषालीही वैतागली होती, लग्न होऊन आली तेव्हा.

"मी काय विचारतेय, बाई? रडून झालं असंल तर सांग. डोईमागं किती?"

*

तीन लाख. वृषालीला भागाकार करायला क्षणही लागला नाही, आणि तिचा राग तिथेच सुरू झाला, आधी स्वतःवर. संख्याशास्त्र घेऊन पदवी केलेली बाई. पट्टी शिकवणारी बाई. नोटांचा डोंगर एकच होता, आणि तो सोळाशे जणांना प्रत्येकाला अख्खा दाखवला होता. ज्याने त्याने तो आपल्याच अंगणात मोजला होता. आणि बटण दाबणारी ती होती, चार वेळा.

तिने लेखणी खाली ठेवली.

"तीन लाख," ती म्हणाली.

"मग काय वाईट आहे?" अंकुश, तिचा नवरा, रांगेतून पुढे आला होता. डोळे अजून ओले होते. तो कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता; भट्ट्या बंद झाल्या तरी उरलेला माल तोलायला काटा चालू होता. ट्रक आत येताना आणि बाहेर जाताना तोलायचा. "तीन लाख हातात येतायत. केस चालवली तर दहा वर्षं. वकिलाला कोण देणार? तू?"

"तिला पन्नास वर्षं काढायचीत, अहो."

"माहितीय मला."

"पन्नास वर्षांत तीन लाख म्हणजे महिन्याला किती?"

"सगळं असं चिरून बघायचं नसतं! तुला सवयच आहे, चांगलं काही घडलं की त्यात खोट काढायची. पोरीला साधा खोकला आला तरी रात्रभर उशाशी बसतेस. भीतीच तुझी खरी."

लोक ऐकत होते. वृषालीने काही उत्तर द्यायच्या आत अंकुशने पॅड ओढलं आणि सही केली. आई किंवा वडील, एकाची पुरत होती. पडद्यावर ११३१ चे ११३२ झाले.

सबनीस म्हणाले, "अभिनंदन, खरातसाहेब. आणि कुणाचा विचार बदललाच, तर पाच वाजेपर्यंत अंगठ्याने सही मागे घेता येते. आमच्याकडे सक्ती नाही."

हे त्यांनी खरंच सांगितलं. कुठेच काही खोटं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. नफा सांगितला होता. भरपाई सांगितली होती. फक्त एक अशा पैशात, जो हाताला लागत नाही, आणि दुसरा अशा पैशात, ज्याने रडू येतं.

तिने टॅबलेट जवळ ओढला आणि माइक तोंडाशी घेतला.

"पट्ट्या काढू नका कुणी."

"ताई, तुमचं काम झालंय," सबनीस म्हणाले.

"पंधराशेत संध्याकाळपर्यंतचं ठरलंय. अजून साडेदहाच वाजलेत." आणि माइकवर: "अठ्ठेचाळीस कोटी कुणा एकाचे नाहीत. सोळाशे पोरं. डोईमागं तीन लाख. पन्नास वर्षं. वर्षाला सहा हजार. आता महिन्याचं बघा."

तिने आकडा पाठवला. पाचशे.

पट्टी लहान आकडाही तितक्याच इमानाने दाखवायची. चारशे माणसांच्या छातीतून डोंगर निघून गेला आणि हातात पाच नोटा राहिल्या. झोपेत पायरी चुकावी तसा सगळा मांडव दचकला. मघाचा म्हातारा, हात जोडलेलाच, खुर्चीत बसला.

"पाचशे?" शेंगा फोडणारी बाई म्हणाली. "आमच्या गण्याच्या फिटच्या गोळ्याच नऊशेच्या येत्यात."

"थांबा. अजून एक आहे." वृषालीने पुढचा आकडा भरला. "एका डॉलरला शंभर रुपये पडतात. मघाशी शंभराची नोट दहादा हातात धरली ना? ती नोट म्हणजे एक डॉलर. तुम्ही डॉलर धरलाय. आता कंपनीचा नफा परत बघा. एका वर्षाचा."

सबनीस टॅबलेटकडे झेपावले. मध्ये गोदामावशी होती. ती काही करत नव्हती, नुसती उभी होती, जुईला कडेवर घेऊन. "पोर हाय हातात," ती म्हणाली. "धक्का लागंल."

वृषालीने बटण दाबलं. तीस हजार कोटी.

या वेळी कुणी रडलं नाही. मघाशी जो डोंगर वाटला होता तो एका पटांगणातला खडा निघाला, आणि पटांगण सरत नव्हतं. खुर्च्या करकरल्या. एका बाईने पट्टी उपटून जमिनीवर आपटली. वृषालीने स्वतःची पट्टी काढली नव्हती. तिने टेबल धरून पुढचं वाक्य पूर्ण केलं.

"आपले अठ्ठेचाळीस कोटी यात किती बसतात, सांगते. चौदा तास. काल संध्याकाळी आठ वाजता आपण ताटावर बसलो. जेवलो, झोपलो, उठलो, अंघोळ केली आणि दहा वाजता इथे येऊन बसलो. तेवढ्यात त्यांनी ते परत कमावले. आपल्या पोरांच्या सगळ्या जन्माचे पैसे. आपण झोपलो होतो तेव्हा."



ती माइक बाजूला ठेवून अंकुशकडे वळली. तो दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"तुम्ही काट्यावर बसता," ती हळू म्हणाली. "भरला ट्रक तोलून तुम्ही कधी पावती फाडता का? रिकाम्याचं वजन वजा केल्याशिवाय?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग जुईकडे. जुई मावशीच्या खांद्यावर बोटाने ठोकत होती. एक, दोन, तीन, पाच.

"आठ वर्षं," अंकुश म्हणाला. "त्या कारखान्यातनं बाहेर पडलेला शिशाचा एकेक किलो मी तोललाय, वृषाली. एकेक किलो लिहिलाय." त्याने पॅड जवळ ओढलं. "पत्र्यावर बसला तेवढाच नाही लिहिला."

त्याने पॅडवर अंगठा दाबला. ११३२ चे ११३१ झाले.

त्याच्यामागे शेंगावाली उभी होती. तिच्यामागे म्हातारा.

*

फोन गेले. दुपारपर्यंत कालच्या खेपांची माणसं ट्रॅक्टरमधून, टमटममधून परत यायला लागली. पट्ट्या पुन्हा बांधल्या गेल्या. वृषालीने दर खेपेला तेच तीन आकडे पाठवले. घसा बसला तसं गोदामावशीने माइक घेतला आणि भागाकार तोंडी केला. सगळेच मागे घ्यायला आले नाहीत. वाडीच्या एका बापाने वृषालीला तोंडावर सांगितलं, "ताई, तुझ्या नवऱ्याला नोकरी हाय. मला तीन लाखांत छप्पर टाकायचंय. माझी सही राहू दे." तिने त्याला वाट करून दिली. त्याचाही राग तिने कंपनीच्याच नावावर लिहिला.

पाच वाजता पडदा थांबला. ४१२.

सबनीस बॅग भरत होते. अजूनही मऊच होते. "ताई, तुम्ही हुशार आहात, पण एक सांगू? तीन महिन्यांनी आम्ही परत येऊ. थोडी वाढ करू. तोवर लोक थकतील. लोक थकतातच. आम्हाला घाई नाही."

"माहितीय," वृषाली म्हणाली. "तीन महिन्यांत तुम्ही असे अठ्ठेचाळीस कोटी एकशे चौपन्न वेळा कमावाल. घाई कशाला असेल? घाई आम्हाला आहे. आमची पोरं मोठी होतायत." तिने पट्टी टेबलावर ठेवली. "आजचे पंधराशे देऊ नका. आणि येताना वाढीचा आकडा डोईमागं काढून आणा, महिन्याचा. नाहीतर मावशी गेटवरच विचारेल."

"विचारीन की," मावशी म्हणाली. "मला काय काम हाय दुसरं."

अंकुश पुढे चालत होता, एकटा, मान खाली घालून. उद्या त्याला काट्यावर घेतील की नाही हे त्याने विचारलं नव्हतं आणि तिनेही नाही. वृषाली जुईचा हात धरून मागून निघाली. समोर टेकाडावर कारखान्याचं धुराडं उभं होतं. कोर्टाच्या हुकमाने बंद, थंड.

देवळापाशी पायऱ्या लागल्या. जुई पायऱ्या मोजतच चढायची.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन. पाच."

एरवी वृषाली लगेच सुधारायची. जुईने ओठ आवळायच्या आत, चेहरा पडायच्या आत, हसून, गाणं म्हटल्यासारखं. आज ती पायरीवर थांबली.

"चार राहिला, जुई."

जुईने मागे वळून पायऱ्यांकडे बघितलं. खरोखरच शोधल्यासारखं. "कुठे गेला?"

वृषालीने टेकाडाकडे बघितलं. तिच्या हातात अजून तो तीस हजार कोटींचा ताण होता; पट्टी काढली तरी दिवसभर उतरत नाही, असं ती स्वतःच शिकवायची.

"त्यांच्याकडे आहे," ती म्हणाली. "आपण मागणार आहोत."